मागचा कप्पा की खालचा संप?

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बनवणारा काच कापायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "भोक पाडायचं का?" त्यावर "नंतर बघू" हे उत्तर चालत नाही. टफन्ड काचेला नंतर भोक पाडताच येत नाही, आणि साध्या काचेला पाडायचं तर खडक, मासे, कोरल, खारं पाणी सगळं बाहेर काढावं लागतं. मी हा प्रश्न दोनदा ऐकलाय. पहिल्यांदा "नको" म्हणालो, दुसऱ्यांदा "पाडा". पश्चात्ताप दोन्ही वेळा झाला, पण सारखा नाही.

पहिली टाकी 60 लिटरची, मागच्या बाजूला काळ्या काचेआड फिल्टर-पंपाचे तीन कप्पे असलेली. आत्ताची 3 फूट बाय दीड बाय दीड, खाली कपाटात संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी: वरच्या टाकीच्या भोकातून पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. मधल्या काळात काही महिने कॅनिस्टरही, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर, लावून पाहिला.

कॅनिस्टरचं आधी आटपून टाकतो. गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टाकीला मी आजही तोच लावीन. रीफला, म्हणजे कोरलच्या टाकीला, नाही. बंद डब्यात अडकलेली घाण तिथेच कुजते आणि तिच्यापासून बनणारं नायट्रेट पाण्यात चढत राहतं. दर आठवड्याला उघडून धुतला तर हरकत नाही, पण दर आठवड्याला कॅनिस्टर धुणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आरशातसुद्धा नाही. त्यात आमचं पुणं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे इथे गृहीतच. अशाच एका गुरुवारी ती पाच तास गेली. डब्यातल्या जिवाणूंनी आतला ऑक्सिजन संपवला, आणि लाईट आल्यावर पहिली धार आली ती सडक्या अंड्यांचा वास घेऊनच. मासे वाचले. डबा संध्याकाळी माळ्यावर गेला.

राहिले दोन. इथे एक गोष्ट आधीच मान्य करतो, म्हणजे नंतर भांडण नको: पाणी खरं स्वच्छ करतो तो खडक. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत (जिवाणू वसलेला समुद्री) खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवण्याची पद्धत लिहून मांडली. पुढे बर्लिनच्या मंडळींनी त्याच खडकाला दणकट स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर घाण उपसणाऱ्या यंत्राची, जोड दिली. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकाच्या अंगावर, आणि नायट्रेट फोडणारे त्याच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही. बाकी आपण जे काही विकत घेतो ती त्यांची सरबराई. (खडक म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. प्रवाळांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सुका खडक घ्या, बाटलीतले जिवाणू घाला आणि दोन महिने धीर धरा.)

तेव्हा मागचे कप्पे की संप, हा प्रश्न पाणी कुठे जास्त स्वच्छ होतं एवढाच नाही. रात्री अकरा वाजता काही बिघडलं तर तुम्ही काय कराल, हाही आहे.

मागच्या कप्प्यांच्या टाकीचं कौतुक मनापासून करतो. आणली, भरली, सुरू केली. पाइप नाही, कपाट नाही, गळती नाही. लाईट गेली तर पाणी जागच्या जागी राहतं. एक सोडून सगळे गुण तिच्यात आहेत. ती एक गोष्ट म्हणजे तिच्यात हात जात नाही.

हे दुकानात कळत नाही. माझ्या टाकीचा शेवटचा कप्पा साडेतीन इंच रुंद होता. एका रात्री रिटर्न पंपाच्या (पाणी पुढच्या टाकीत परत ढकलणाऱ्या) तोंडावरून सिलिकॉनची नळी निसटली. पंप तळाशी गुरगुरतोय, पाणी तिथल्या तिथे फिरतंय, पुढे धार नाही. नळी परत बसवायची म्हणजे दोन बोटांचं काम. पण हात मनगटापर्यंत जाऊन अडकला. वरून काचेची कड टोचते, खाली बोटांची टोकं पंपाला जेमतेम लागतात, आणि हात आत घातला की तोच उजेड अडवतो. शेवटी आईची सांडशी आणली. सांडशीनं पंप वर ओढला, तो हीटरच्या वायरीत अडकला, हीटर धरून ठेवणारा रबरी सक्शन कप सुटून खाली गेला. पाऊण तास लागला. सकाळी आईनं सांडशी दोनदा घासली आणि तरी महिनाभर त्या सांडशीनं दूध उतरवलं नाही.

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण स्पंज पिळायला हात जात नाही म्हणून पिळायचा राहतो, तळाचा गाळ ओढायला हात जात नाही म्हणून तो साठतो, आणि मग आपण नायट्रेट का चढलं म्हणून मिठाच्या ब्रँडला दोष देतो. शिवाय सगळं बाष्पीभवन त्या शेवटच्या चिंचोळ्या कप्प्यातच दिसतं. एप्रिलमध्ये पंखा लावला की दिवसाला दीड लिटर पाणी उडायचं, म्हणजे कप्प्यातली पातळी पाच इंच खाली. पंप हवा ओढतो आणि समोरच्या टाकीत सोड्यासारखे बुडबुडे. आता संपाच्या रिटर्न कप्प्यात चार लिटर उडालं तरी दीड इंचाचा फरक पडतो. ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप, दोन्हीकडे लावाच, पण तो बंद पडला तर संपात सवड मिळते.

संप निर्दोष आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारा. लाईट गेली की पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पाइपातूनच, त्याचं तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत, वरचं पाणी खाली उतरतं. माझ्या मापात वरचं एक इंच पाणी म्हणजे 10 लिटर. ही धार वेळीच तुटावी म्हणून रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीशी बारीक भोक ठेवतात. माझ्या त्या भोकात शेवाळ बसलं होतं. लाईट अर्धाच तास गेली होती, पण खारं पाणी कपाटातून हॉलभर, आणि खालचे काका दारात. चूक माझीच. आता महिन्यातून एकदा टूथपिक फिरवतो आणि संपात बंद अवस्थेत 25 लिटर मावतील एवढी जागा मोकळी ठेवतो.

आवाजाचंही तसंच. पाणी खाली आणणारा ड्रेन पाइप एकच असेल तर तो मोरीसारखा गुडगुडतो, आणि हॉलमध्ये कुणी झोपत असेल तर प्रकरण घरगुती होतं. भोकं पाडायचीच तर दोन सांगा: एकाला व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण भरून वाहू द्यायचा, दुसरा पाइप अडीनडीला रिकामा. मग पाण्याचा आवाज जवळजवळ जातो. गुडघ्यांवर बसणं मात्र कायमचं. चाळिशीनंतर ते जाणवतं, हा मुद्दा मागच्या कप्प्यांच्या बाजूनं टाका.

पण संपासमोर गुडघ्यांवर बसलो की कोपरापर्यंत हात आत जातो. स्किमरचा पेला उचलला, त्यातलं काळपट गटार मोरीत ओतलं, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) बदलला, खाली बसलेला गाळ नळीनं ओढला. चहा निवायच्या आत झालं. सोपं आहे म्हणून होतं. मधल्या कप्प्यात नायट्रेट शोषणारं कीटो शेवाळ वाढवतो, त्यावरचा दिवा रात्री लावतो. संप आल्यावर नायट्रेट 40 वरून 10च्या आसपास आलं. आता खरं सांगायचं तर त्याच सुमारास मासेही दोन कमी झाले होते आणि मुलगी परीक्षेमुळे दिवसातून तीनदा खाणं टाकायची थांबली होती. त्यामुळे सगळं श्रेय संपाला देत नाही. बरंचसं देतो.

तुमची टाकी 60-70 लिटरच्या आत असेल, घर भाड्याचं असेल, दोन क्लाउनफिश आणि थोडे झोॲन्थस कोरल एवढाच बेत असेल, तर मागचे कप्पे घ्या, उगाच पाइपांच्या नादी लागू नका. फक्त दुकानदार लिटर सांगत असताना तुम्ही टेप काढून कप्प्याची रुंदी मोजा, आणि जमलं तर तिथेच हात घालून बघा. तो हसेल, हसू दे. टाकी त्याहून मोठी आणि घर स्वतःचं असेल, तर मी आपलं दोन भोकं पाडून घ्या म्हणेन. टॉर्च-हॅमर कोरलच्या स्वप्नांना पुढे कोरलला लागणारे क्षार पुरवणारे डोसिंग पंप, रिॲक्टर लागतील, तेही खालीच जातात.

जुनी टाकी मी विकली नाही. नवीन मासा आला की चार आठवडे तिच्यात वेगळा ठेवतो. तो सक्शन कप अजून तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी आहे.