मोठ्या सभागृहासाठी पीटीझेड कॅमेरा: आधी अंतर मोजा, मग कोटेशन मागवा

संस्थेच्या कार्यकारिणीसमोर पीटीझेड कॅमेऱ्याची, म्हणजे दुरून वळवता, वर-खाली करता आणि झूम करता येणाऱ्या कॅमेऱ्याची (पॅन-टिल्ट-झूम), तीन कोटेशनं येतात. तिन्हींवर ‘४के’ लिहिलेलं असतं, तिन्हींवर ‘२० पट झूम’ लिहिलेलं असतं, आणि किमतीत मात्र तिपटी-चौपटीचा फरक असतो. मग कुणीतरी म्हणतं, मधलं घ्या. व्याख्यानं, कीर्तनं, गाण्याच्या बैठकी थेट दाखवण्यासाठी कॅमेरे लावणाऱ्या माणसाचं याबद्दल ठाम मत असतं, आणि माझंही आहे: मोठ्या सभागृहात निवड दोन गोष्टींवर ठरते. कॅमेरा जिथे बसणार तिथून कलाकारापर्यंतचं अंतर, आणि तेवढं झूम केल्यावर लेन्समधून शिल्लक राहणारा उजेड. ब्रँड, ४के, ऑटो ट्रॅकिंग (कॅमेऱ्याने आपोआप माणसामागे वळणं) हे सगळं त्यानंतर.

आधी झूमचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. झूमचा आकडा हे फक्त गुणोत्तर आहे: सर्वांत रुंद चौकट आणि सर्वांत अरुंद चौकट यांचं. रुंद बाजूला ७० अंश दाखवणारा २० पट कॅमेरा आणि ६० अंश दाखवणारा २० पट कॅमेरा हे टोकाला एकाच ठिकाणी पोहोचत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात झूमच्या आकड्याशेजारी आडवा दृश्यकोन किती ते शोधा. ७० अंशाला चौकटीची रुंदी अंतराच्या १.४ पट येते, ६० अंशाला साधारण १.१५ पट. तिला झूमच्या आकड्याने भागलं की टोकाच्या चौकटीची रुंदी मिळते, आणि उंची त्या रुंदीच्या ९/१६. हिशेब करून हे असं दिसतं:

| कॅमेऱ्याचा प्रकार | २० मीटरवरून चौकटीची उंची | ३० मीटरवरून चौकटीची उंची |
|---|---|---|
| १२ पट, ७२ अंश | १.३६ मी. | २.०४ मी. |
| २० पट, ७० अंश | ०.७९ मी. | १.१८ मी. |
| २० पट, ६० अंश | ०.६५ मी. | ०.९७ मी. |
| ३० पट, ६० अंश | ०.४३ मी. | ०.६५ मी. |

हे आकडे माणसाच्या मापात वाचायचे. उभ्या वक्त्याची कमरेपासून वरची चौकट हवी तर उंची एक मीटरच्या आसपास लागते. छातीपासून वरची हवी तर ६५ सेंटिमीटर. गादीवर मांडी घालून बसलेला गायक एकटा पूर्ण दाखवायला सव्वा मीटर पुरतं. म्हणजे तीस मीटरवरून १२ पट कॅमेरा टोकाला नेला तरी वक्ता डोक्यापासून पायापर्यंतच दिसणार, चेहऱ्यावरचा भाव मोबाइलवर बघणाऱ्याला कळणारच नाही. तोच कॅमेरा बाल्कनीच्या पुढच्या कडेला, पंधरा मीटरवर लावला तर तिथे तो अगदी पुरेसा आहे.

पुण्याचं बालगंधर्व किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन यांसारख्या बाल्कनी असलेल्या नाट्यगृहात हा पर्याय मिळतो: कॅमेरा शेवटच्या भिंतीला न लावता बाल्कनीच्या कठड्याजवळ आणायचा. शीवच्या षण्मुखानंदसारख्या दोन बाल्कन्यांच्या भव्य सभागृहात तर जागा बदलली की कॅमेऱ्याचा वर्गच बदलतो. मात्र क्लॅम्प थेट कठड्याला लावू नका. वीसपट झूमवर बाल्कनीतल्या प्रेक्षकांच्या पावलांचा आणि टाळ्यांचा कंप पडद्यावर दिसतो. खांब किंवा भिंत मिळत असेल तर दोन मीटर मागे सरलेलं परवडतं.

रुंद दृश्यकोनाची जाहिरात फार होते, पण मागच्या कॅमेऱ्यासाठी ती निरुपयोगी आहे. वीस मीटरवरून ६० अंशाचा कॅमेराही २३ मीटर रुंदी दाखवतो. आपल्याकडचे रंगमंच त्याहून बरेच अरुंद असतात. रुंदीचा फायदा होतो विंगेजवळ किंवा पहिल्या रांगेच्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्याला. पाच मीटरवरून ७० अंशाला सात मीटर दिसतात, ६० अंशाला पावणेसहा. तिथे हा फरक म्हणजे तबलजी चौकटीत असणं किंवा नसणं.

आता उजेड. विक्रेता सांगतो, मोठा सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) म्हणजे कमी उजेडात स्वच्छ चित्र. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेण्यासाठी एकाच कंपनीचे दोन कॅमेरे शेजारी ठेवू: कॅननचे सीआर-एन ३०० आणि सीआर-एन ५००.

एन ५०० मध्ये एक इंची प्रकारचा सेन्सर आहे, एन ३०० मध्ये १/२.३ इंची. क्षेत्रफळात एन ५०० सुमारे चौपट मोठा. पण लेन्स बघा. तिचा एफ आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. एन ३०० ची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ आणि टोकाला एफ २.८ आहे, एन ५०० ची रुंद बाजूला एफ २.८ आणि टोकाला एफ ४.५. म्हणजे पूर्ण झूमवर एन ३०० च्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर अडीचपटीहून थोडा जास्त प्रकाश पडतो. चौपट भागिले अडीचपट, हाती उरतो दीडपटीच्या आसपास फायदा. एक पूर्ण स्टॉपही (म्हणजे दुप्पट उजेडही) नाही. आणि त्यासाठी झूम सोडावा लागतो: एन ३०० चा २० पट, एन ५०० चा १५ पट. तीस मीटरवरून एन ३०० साधारण एक मीटर उंचीची चौकट देतो, एन ५०० दीड मीटरहून थोडी जास्त. दूरच्या भिंतीवरून एकट्या वक्त्याला धरायचं असेल, तर कमी किमतीचा कॅमेरा जास्त कामाचा ठरतो.

मग एन ५०० कुठे जिंकतो? फोकसमध्ये. त्याचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस मंद उजेडात आणि मागे एलईडी वॉल पेटलेली असताना कमी गोंधळतो. नृत्याच्या कार्यक्रमात, जिथे नर्तकी रंगमंचाच्या मागच्या पडद्यापासून पुढच्या कडेपर्यंत येते, तिथे हा गुण सोन्यासारखा आहे. बसलेल्या गायकासाठी त्याची गरज नाही. फोकस एकदा हाताने धरून प्रीसेटमध्ये (एका बटणावर परत मिळणाऱ्या मांडणीत) साठवला की काम झालं.

पॅनासॉनिकच्या जोडीतही असंच चित्र दिसतं. एडब्ल्यू-यूई १५० मध्ये एक इंची प्रकारचा सेन्सर, २० पट झूम आणि ७५.१ अंशाचा दृश्यकोन आहे. एडब्ल्यू-यूई १०० मध्ये लहान १/२.५ इंची सेन्सर, पण २४ पट झूम आणि ७४.१ अंश. तीस मीटरवरून यूई १५० ची चौकट १.३० मीटर उंचीची येते, यूई १०० ची १.०६. प्रसारण वाहिनीच्या दर्जाचे रंग आणि कायमस्वरूपी मोठा प्रकल्प असेल तर यूई १५० घ्यावा. सभागृहाच्या नियमित कार्यक्रमांसाठी मला यूई १०० जास्त शहाणपणाचा वाटतो. सोनीचा एसआरजी-एक्स ४०० याच मधल्या वर्गातला: १/२.५ इंची सेन्सर, २० पट, ७० अंश. त्याच्यावर एनडीआय-एचएक्स (नेटवर्क केबलमधून चित्र दाबून पाठवण्याची पद्धत) वापरायचं तर वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. कोटेशनमध्ये ती ओळ आहे का, ते तपासा.

त्याखालच्या वर्गात पीटीझेडऑप्टिक्सच्या मूव्ह एसई मालिकेसारखे फुल एचडी कॅमेरे येतात. १२, २० आणि ३० पट असे पर्याय, चित्र बाहेर नेण्याच्या एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओची केबल), एचडीएमआय आणि नेटवर्क अशा तिन्ही वाटा. सेन्सर आणखी लहान असतो, त्यामुळे अंधाऱ्या रंगमंचावर गेन (चित्र उजळ करणारी इलेक्ट्रॉनिक वाढ) चढवला की दाणे दिसू लागतात. पण व्याख्यानाला रंगमंचाचे जनरल दिवे पूर्ण पेटलेले असतात. तेवढ्या उजेडात हा वर्ग उत्तम चालतो, आणि ‘४के नाही’ म्हणून त्याला बाद करणं चुकीचं आहे. बहुतेक संस्थांचं प्रक्षेपण १०८० मध्ये, म्हणजे फुल एचडीतच जातं. ४के चा खरा उपयोग एकच: ४के चित्रातून अर्ध्या रुंदीचा तुकडा कापून फुल एचडी दाखवता येतो, म्हणजे झूम दुप्पट झाल्यासारखा. लेन्स टोकाला कमी पडत असेल तर ही सोय मोलाची, मात्र कापलेल्या तुकड्यात चित्रातले दाणेही दुप्पट मोठे होतात.

ऑब्सबॉट टेल एअरसारखे छोटे हुशार कॅमेरे हल्ली सगळ्यांना आवडतात. त्यात ऑप्टिकल झूम नाही. वर्गखोलीत किंवा छोट्या दालनात छान, मोठ्या सभागृहात फार तर रंगमंचावर तबल्याजवळ ठेवायला. सीसीटीव्हीवाले ‘आमच्याकडेही पीटीझेड आहे, निम्म्या पैशात’ म्हणतात, त्याचा विचारही करू नका. तो कॅमेरा पाळत ठेवण्यासाठी बनलेला असतो. चित्र उशिरा येतं, त्वचेचे रंग मातकट दिसतात आणि हालचाल झटक्याने होते.

ऑटो ट्रॅकिंगबद्दल माझं मत कार्यक्रमागणिक बदलतं. पोडियमवरून थोडा फिरणारा वक्ता असेल तर ते चांगलं काम करतं आणि एक माणूस वाचतो. नारदीय कीर्तनात बुवा एकटे पुढे उभे असतात, तिथेही निभतं. वारकरी कीर्तनात मात्र मागे टाळकऱ्यांची रांग, सगळ्यांचे पांढरे कपडे, सगळे एका लयीत डोलणारे. गजर टिपेला गेला की कॅमेरा बुवांना सोडून भलत्याच टाळकऱ्याच्या मागे जातो. तिथे जॉयस्टिकवर बसलेला, कीर्तनाची चाल ओळखणारा माणूस हवा. बंदिशीची सम कुठे येणार हे ज्याला कळतं, तो समेला चेहरा दाखवतो. हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठं आहे. ट्रॅकिंगसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी तुमच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी समोर ठेवा.

केबल. मोठ्या सभागृहात एचडीएमआय विसरा. तांब्याची साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही. मागच्या भिंतीपासून कंट्रोलच्या टेबलापर्यंत, कडेकडेने ओढली तर, केबल सहज पन्नास-साठ मीटर भरते. फुल एचडीसाठी चांगल्या कोअॅक्सवर एसडीआय शंभर मीटरच्या आसपास जातं. नेटवर्कच्या कॅट ६ केबललाही शंभर मीटरची मर्यादा आहे, पण तिच्यातून चित्र, नियंत्रण आणि पीओईने वीज हे तिन्ही एकाच वायरीतून जातं. कायमचं बसवत असाल तर ही सोय फार मोठी. पूर्ण एनडीआयला फुल एचडीच्या एका कॅमेऱ्यामागे सेकंदाला सुमारे १२५ ते १५० मेगाबिट लागतात, एचएक्सला त्याचा छोटासा भाग. तीन-चार कॅमेऱ्यांना गिगाबिटचा नेटवर्क स्विच पुरतो, मात्र तो स्विच कार्यालयाच्या वायफायपासून पूर्ण वेगळा ठेवा. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना साध्या पीओईपेक्षा जास्त वॅट लागतात, तेव्हा स्विचही त्याच हिशेबाने घ्या.

भाड्याने काम करणाऱ्यांना, दर रविवारी वेगळ्या सभागृहात जाणाऱ्यांना, मी एसडीआयच सांगेन. केबल जोडली, चित्र आलं. शिवाय एचएक्समध्ये चित्र थोडं उशिरा येतं आणि साउंडवाल्याच्या कन्सोलवरून आलेला आवाज आधी पोहोचतो. व्याख्यानात ते कदाचित खपेल, तबल्यावर लगेच पकडलं जातं. टाळी वाजवून मोजा आणि स्विचरमध्ये (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्रात) आवाज तेवढा मागे ढकला.

एक छोटी पण हमखास नडणारी गोष्ट: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. पुष्कळ कॅमेरे खोक्यातून सेकंदाला ५९.९४ फ्रेमवर लावलेले येतात, आणि मग जुन्या ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं. ५० फ्रेम आणि १/५० शटर करा, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने धरा. मागे एलईडी वॉल असेल तर ऑटो एक्सपोजर वक्त्याचा चेहरा काळा करून ठेवतो.

तर, काय घ्यावं? तीस मीटरच्या आसपास अंतर, मुख्यतः व्याख्यानं, कीर्तनं, बैठका: मधल्या सेन्सरचे २० ते २४ पट झूमचे दोन कॅमेरे. एक इंची सेन्सरचा एकच महागडा कॅमेरा नको. पीटीझेड थेट प्रक्षेपणात वळताना दिसला की यंत्र वळतंय हे कळतं. दुसरा कॅमेरा असेल तर पहिला पडद्याबाहेर असताना प्रीसेटवर जाऊन बसतो. पैसे फक्त एकाचेच असतील तर मूव्ह एसईच्या वर्गातला २० किंवा ३० पट घ्या आणि उरलेल्या पैशात रंगमंचासमोरून दोन चांगले मऊ दिवे लावा. चित्रात फरक त्याने जास्त पडेल. नृत्याचे आणि प्रकाशयोजनेचे कार्यक्रम जास्त असतील, कॅमेरा पंधरा-वीस मीटरवर आणता येत असेल, तरच एक इंचीचा खर्च वसूल होतो. वर्षाला चार-पाचच कार्यक्रम असतील तर विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

आणि डेमो दुकानात घेऊ नका. विक्रेत्याला तुमच्या सभागृहात बोलवा, नेहमीचे दिवे लावा, कॅमेरा ठरलेल्या जागी ठेवून पूर्ण झूमवर न्या आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा मोठ्या पडद्यावर बघा. मग प्रीसेट बदलताना मोटरचा आवाज ऐका, तानपुऱ्याच्या शांततेत तो शेवटच्या रांगेत ऐकू येतो का हे तपासा. बिघडल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागतात आणि तोवर बदली कॅमेरा देणार का, हे कोटेशनवर लिहून घ्या.