खंजिरी की पखवाज?

आमच्या गल्लीतल्या पोरांनी विचारलं, "भाऊ, भजन मंडळ काढाचं हाय. खंजिरी घ्याची का पखवाज?"

खर्चात खंजिरी स्वस्त. लाकडी कडं, एका अंगाला चामडं, भोवती झांजा, थैलीत मावते. पखवाज महाग, त्यात दर बैठकीला डाव्या पुडीला (त्या तोंडाच्या चामड्याला) कणीक लावायची, उठताना खरवडायची. पावसाळ्यात मात्र दोन्ही रुसतात. खंजिरी शेकोटीवर धरली की पुन्हा कडक बोलते. पखवाजाच्या वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ओढत बसावं लागतं.

शिकायला खंजिरी सोपी वाटते, पण बोटं वळायला एक हंगाम जातोच. पखवाजाला गुरू हवा, आणि आमच्याकडं तो तालुक्याला.

खरा फरक अर्थाचा. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर ग्रामसफाई, व्यसनमुक्ती गायली. तिथं शब्द पुढं, ताल मागं. वारकरी भजनात टाळ-पखवाजाची लय चढत जाते आणि अभंग त्यात विरघळतो. मला दुसरं जास्त भिडतं, हे कबूल.

चारपाच जण, रात्री चौकात लोकांशी बोलायचं असेल तर खंजिरी. सप्ताह, काकडा, दिंडी करायची नि वीस टाळकरी जमणार असतील तर पखवाज. पोरं सध्या सहाच आहेत.