पट्टी ठोकून मॉड्युलस: इम्पल्स एक्सायटेशन संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात आमची छोटी टेस्टिंग लॅब आहे. काम मुख्यतः फाउंड्रीवाल्यांचं, म्हणजे बीड, एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड), थोडं ॲल्युमिनियम. गेल्या दोन-तीन वर्षांत फायबरवाल्यांचीही ये-जा वाढली आहे: ग्लास फायबरची कव्हरं, टाक्या, क्वचित कार्बनच्या प्लेटा. या सगळ्यांना अधूनमधून यंग्ज मॉड्युलस, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे तो आकडा, हवा असतो. आजवर आम्ही तो यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून तपासायच्या यंत्रावर, काढायचो. आठ महिन्यांपूर्वी इम्पल्स एक्सायटेशनचा संच घेतला आणि तेव्हापासून रोज वापरतो आहे. घ्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

संचात फार काही नाही. पट्टी ठेवायला दोन आधार, एक मायक्रोफोन, लवचिक काडीच्या टोकाला चिकटवलेली छोटी स्टीलची गोळी आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. पट्टीच्या मधोमध गोळीने हलकी टिचकी मारायची, ती वाजते, मायक्रोफोन ऐकतो, सॉफ्टवेअर मूळ वारंवारता काढतं. वजन, लांबी, रुंदी, जाडी आपण भरायची, मॉड्युलस समोर येतो. एएसटीएम ई १८७६ या मानकातली पद्धत हीच. कल्पना मात्र फार जुनी आहे. थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये मांडलेल्या ज्या मॉड्युलसला त्यांचं नाव मिळालं, त्याचं मोजमाप इटलीच्या जिओर्दानो रिकाती यांनी १७८२ मध्येच, पोलाद आणि पितळेच्या कंपनांवरून केलं होतं. पहिल्या दिवशी टिचकी मारताना मला त्यांचीच आठवण झाली.

पहिला आठवडा मी फक्त ओळखीच्या धातूंवर घालवला. १०० × २० × ५ मिमीच्या पट्ट्या सरफेस ग्राइंडरवर काढून घेतल्या. स्टीलची पट्टी २,६१५ हर्ट्झला वाजली. मग ॲल्युमिनियमची ठेवली, ६०६१ या मिश्रधातूची. ती वाजली २,५७५ ला! एक पट्टी ७८ ग्रॅमची, दुसरी २७ ग्रॅमची, आणि डोळे मिटून ऐकलं तर जवळपास तोच सूर. मला वाटलं मायक्रोफोनचा काहीतरी घोळ आहे. पण हिशेब केल्यावर उलगडलं: सूर ठरतो तो मॉड्युलस आणि घनता यांच्या गुणोत्तरावर, आणि स्टीलचं २०७ गिगापास्कल भागिले ७,८५० काय किंवा ॲल्युमिनियमचं ६९ भागिले २,७०० काय, जवळपास तेवढंच येतं. टायटॅनियम आणि मॅग्नेशियमचंही तसंच. पितळ मात्र खाली, १,७२० च्या आसपास. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, पण ही गोष्ट हातात पट्टी धरून पहिल्यांदा कळली.

आधार कुठे द्यायचे हेही तेव्हाच नीट समजलं. वाजणाऱ्या पट्टीत दोन जागा स्थिर राहतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ पटीवर. १०० मिमीच्या पट्टीत २२.४ मिमी. मी पट्टीवर बारीक रांगोळीची चिमूट भुरभुरली आणि मध्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारत राहिलो. कण सरकत सरकत बरोब्बर त्या दोन रेषांवर येऊन बसले. नवीन मुलांना शिकवताना आता मी आधी हेच दाखवतो. एकदा बघितलं की आधार चुकीच्या जागी ठेवायची चूक ते करत नाहीत.

बिडाच्या कामात या संचाने माझं मन जिंकलं. यूटीएमवर बिडाचा मॉड्युलस काढणं म्हणजे कायमची डोकेदुखी, कारण ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे त्याच्या आलेखात सरळ रेषा अशी नसतेच. कोणत्या दोन बिंदूंमधला उतार घ्यायचा, यावरून गिऱ्हाइकाशी वाद. आमच्या एफजी २६० प्रतीच्या बिडाच्या पट्टीवर ओढून १०५ गिगापास्कल आला आणि ठोकून ११८. दोन्ही बरोबर आहेत. टिचकीत पट्टी इतकी कमी वाकते की मिळतो तो जवळपास शून्य ताणावरचा मॉड्युलस. ओढताना ग्राफाइटच्या कडा उघडू लागतात आणि आकडा उतरतो. म्हणून रिपोर्टमध्ये कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते आम्ही आता ठळक लिहितो. डिझाइनरने बिडाचा ठोकून काढलेला आकडा मोठ्या भाराच्या हिशेबात तसाच घालू नये, हे मी फोन करूनही सांगतो.

बीड आणि एसजी यांतला फरक तर कानालाच कळतो. तीच मापं असलेली एसजीची पट्टी २,४९० ला वाजते आणि बिडाची २,०६० ला, म्हणजे सा आणि कोमल गंधाराइतकं अंतर. एका फाउंड्रीतून नमुने घेऊन आलेले फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग साफ करणारे, मामा कोपऱ्यात बसून ऐकत होते. स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "सायेब, ती तिसरी पट्टी एसजीची न्हाई. बिडावर गेलीया." आकडा २,२१० होता. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ग्राफाइटच्या गोळ्या धड तयारच झाल्या नव्हत्या, मॅग्नेशियम कमी पडलं होतं. मामांनी आयुष्यभर हातोडीने कास्टिंग ठोकून जे ऐकलं, तेच हे यंत्र आकड्यात सांगतं.

आता अडचणीच्या बाजूकडे येतो. सूत्रात वारंवारतेचा वर्ग आहे, पण जाडीचा घन आहे. जाडीत एक टक्का चूक म्हणजे मॉड्युलसमध्ये तीन टक्के. वारंवारता हा संच एका हर्ट्झपर्यंत अचूक देतो, त्यात काहीच खोट नाही. खोट निघते ती मायक्रोमीटरमध्ये आणि पट्टीच्या समांतरपणात. ग्राइंड केलेल्या धातूच्या पट्टीला हे सहज जमतं. हँड ले-अपच्या, म्हणजे हाताने थर चढवून केलेल्या, लॅमिनेटला एक बाजू साच्याची गुळगुळीत, दुसरी खडबडीत. २ मिमीच्या पट्टीत इकडेतिकडे ०.०५ मिमीचा फरक अगदी नेहमीचा, आणि तेवढ्यानेच साडेसात टक्के जातात. आम्ही आता प्रत्येक पट्टीची जाडी नऊ ठिकाणी मोजतो. तरीही खडबडीत लॅमिनेटच्या रिपोर्टवर मी दशांश चिन्हानंतरचा आकडा लिहू देत नाही.

फायबरच्या कामात दुसऱ्या महिन्यात मी जवळजवळ तोंडघशी पडलो असतो. सॉफ्टवेअरमध्ये वाकण्याची आणि पिळण्याची, अशा दोन्ही वारंवारता दिल्या की ते ई (यंग्ज मॉड्युलस) आणि जी (पिळण्याचा, म्हणजे शिअर मॉड्युलस) काढतं आणि त्यावरून पॉइसन गुणोत्तर (ओढल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते) आपोआप छापतं. एकाच दिशेने धागे असलेल्या ग्लास-इपॉक्सीच्या पट्टीला त्याने पॉइसन गुणोत्तर ४.१ छापलं. धातूत ते ०.३ च्या आसपास असतं. ई भागिले दोन जी वजा एक, हे सूत्र सगळ्या दिशांनी सारख्या असणाऱ्या पदार्थालाच लागू आहे. धाग्यांच्या पदार्थात ई आणि जी यांचा एकमेकांशी असा संबंधच नसतो. आकडा बेधडक छापला होता, ना इशारा ना काही. रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी माझी नजर पडली म्हणून बरं. विक्रेत्याला कळवलं, तर "तो रकाना दुर्लक्षित करा" एवढंच उत्तर आलं. ज्याला माहीत नाही तो दुर्लक्ष कसा करणार? कंपोझिटसाठी हा रकाना बंद करायची सोय असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जाड पट्टीचाही असाच प्रश्न. सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती धातू गृहीत धरून केलेली आहे. कार्बनमध्ये धाग्याच्या दिशेने ई १३० गिगापास्कलच्या घरात आणि जी जेमतेम ५, त्यामुळे पट्टी वाकते त्याबरोबर आतल्या आत सरकतेही. लांबी जाडीच्या वीसपट ठेवली, तर आकडा सात टक्क्यांच्या आसपास कमी येतो. म्हणून कार्बनसाठी आम्ही लांबी जाडीच्या साठ-सत्तरपट ठेवतो, तेव्हा ही चूक एका टक्क्याच्या आत येते.

आणि धाग्याची दिशा! एका कार्बन प्लेटमधून कापलेल्या पहिल्या तीन पट्ट्या ११४ दाखवत होत्या, बाकीच्या १३१. मी आधी रेझिनला दोष दिला, मग ओव्हनला. शेवटी भिंगातून पाहिलं, तर त्या तीन पट्ट्यांत धागे कडेला समांतर नव्हतेच. १०० मिमी लांबीत ८ मिमी सरकलेले, म्हणजे साडेचार अंश. कटरवर प्लेट किंचित तिरकी बसली होती. साडेचार अंशांनी तेरा टक्के ताठपणा जातो, हा हिशेब वहीत कधीतरी केला होता, पण डोळ्यांनी बघितल्यावरच तो अंगात भिनला.

पावसाळ्याने दोन गोष्टी शिकवल्या. लॅबवर पत्रा आहे. जुलैत पाऊस कोसळायला लागला की मायक्रोफोन टिचकीआधीच सुरू व्हायचा. शेवटी लाकडी पेटीला आतून फोम लावून पट्टी आणि मायक्रोफोन त्यात बसवला, आणि प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे ओल. पॉलिएस्टर-ग्लासचे नमुने उघड्यावर राहिले की वजन वाढतं आणि सूर उतरतो. जुनं वजन तसंच वापरलं तर आकडा आणखी चुकतो. आता नमुने डेसिकेटरमध्ये (कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यात) आणि ठोकण्याआधी ताजं वजन. संचाबरोबर आलेले फोमचे आधार हलक्या पट्ट्यांचा आवाज गिळून टाकायचे, ते काढून गळाचा नायलॉन दोरा ताणून बसवला. पातळ कार्बनही आता स्वच्छ वाजतो.

यूटीएम यामुळे सुटलेला नाही. ताकद, तुटेपर्यंतचा ताण, धाग्यांचं पॉइसन गुणोत्तर, यांसाठी ओढावंच लागतं आणि स्ट्रेन गेज (किती ताणलं ते मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) लावावेच लागतात. पण पट्टी न मोडता, पाच मिनिटांत, तीच पट्टी दहा वेळा मोजता येणं याला तोड नाही. हीट ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर, ओल शोषल्याच्या आधी आणि नंतर, अशा तुलना यूटीएमवर मला कधीच इतक्या स्वच्छ मिळाल्या नव्हत्या. धातूचं काम असेल तर डोळे मिटून घ्या. कंपोझिटचं असेल तर आधी चांगला मायक्रोमीटर आणि डायमंड कटर घ्या, मग हा संच.

आमच्याकडे फायबरचे नमुने पाठवणाऱ्यांना एकच विनंती: प्लेटवर धाग्याच्या दिशेचा बाण मार्करने काढून पाठवा, आणि खडबडीत बाजू घरी घासू नका. वरचे धागे निघून गेले की आम्ही मोजतो ती प्लेट तुमची राहत नाही.