लांबलचक सरावात तापणारं पिस्तूल: कोणती रचना हाताला सोसते?

पिस्तूल निवडताना लोक वजन बघतात, ट्रिगर कसा आहे ते बघतात, मूठ हातात बसते का ते बघतात. तापण्याचा विचार बहुतेकांना सुचतो तो पार उशिरा, रेंजवर भराभर शंभर-दोनशे राउंड (गोळ्या) झाडून झाल्यावर, आधाराच्या हाताचा अंगठा फ्रेमवरून, म्हणजे मूठ आणि ट्रिगर ज्यावर असतात त्या सांगाड्यावरून, आपोआप उचलला जायला लागतो तेव्हा. एकदा का अंगठा उचलला की पकड सुटते आणि पुढच्या गोळ्या कागदभर विखुरतात.

तापतं प्रत्येकच. नऊ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली, तर ती साधारण ४९० ज्यूल ऊर्जा घेऊन जाते. काडतुसातल्या दारूत असते ती त्याहून कितीतरी जास्त. उरलेली गरम वायूंबरोबर बाहेर पडते आणि तिचा एक वाटा नळीच्या पोलादात मुरतो. माणसाच्या कातडीला ४४-४५ अंश सेल्सिअसच्या पुढे दुखायला लागतं, ६० अंशांचा धातू काही सेकंदांत भाजतो. तेव्हा ‘कोणतं पिस्तूल तापत नाही’ हे विचारण्यात अर्थ नाही. नळीतली उष्णता कोणत्या वाटेने आणि किती वेळात बोटांपर्यंत पोचते, ते विचारा.

पॉलिमर की धातूची फ्रेम?

नायलॉन जातीचं प्लास्टिक साध्या पोलादाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहून नेतं. १९८०च्या दशकात आलेल्या, पॉलिमर फ्रेमच्या ग्लॉक १७ची स्लाइड (नळीवरचा, प्रत्येक गोळीला मागे-पुढे सरकणारा भाग) फ्रेममध्ये बसवलेल्या पोलादाच्या चार छोट्या पट्ट्यांवरून सरकते. नळीचा फ्रेमशी संबंध येतो तो लॉकिंग ब्लॉक नावाच्या धातूच्या तुकड्यापुरता. मुठीपर्यंत उष्णता पोचायला वाटच फारशी नाही, त्यामुळे भरपूर गोळ्या झाडल्यावरही तळवा मजेत असतो. चटका बसलाच तर तो स्लाइड मागे अडकवणाऱ्या स्लाइड स्टॉपच्या पत्र्याला किंवा ट्रिगरच्या वर बाहेर आलेल्या, पिस्तूल उघडायच्या टेकडाउन लिव्हरच्या टोकाला. अंगठे पुढे ताणून पकडणाऱ्यांचं बोट नेमकं तिथेच येतं.

याची दुसरी बाजू अशी की फ्रेम उष्णता घेत नाही, म्हणून ती सगळी नळी आणि स्लाइडमध्येच साठते. स्लाइड खेचताना बोटांना ते जाणवतं, आणि सराव संपल्याबरोबर पिस्तूल उघडून नळी हातात घ्यायची घाई केलीत तर जास्तच जाणवतं. तरी हा सौदा मला परवडणारा वाटतो. स्लाइडला हात लागतो क्षणभर, मूठ मात्र सतत हातात असते.

सबंध पोलादी पिस्तुलाचं गणित उलटं. ‘१९११’ नावाचं पिस्तूल रिकामं असतानाच १.१ किलोच्या आसपास भरतं. एवढ्या धातूचं तापमान चढायला वेळ लागतो. सुरुवातीची पन्नास-साठ काडतुसं तर काहीच कळत नाही. पण एकदा तापलं की थंड व्हायलाही तेवढाच वेळ घेतं. बाजूच्या लाकडी किंवा रबरी पट्ट्या तळवा सांभाळतात, मुठीचा पुढचा भाग मात्र उघडं पोलाद असतो आणि तीन बोटं त्याच्यावरच असतात. स्टेनलेस फ्रेम असेल तर जरा दिलासा, कारण ते साध्या पोलादाच्या निम्म्याच्या आसपासच उष्णता वाहून नेतं. सीझेड ७५ या पिस्तुलात आणखी एक गोष्ट आहे. तिची स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूने सरकते, त्यामुळे बाहेरून धरायला स्लाइडचा पृष्ठभाग मुळातच कमी मिळतो. ती तापलेली असताना चिमटीत धरून खेचणं जिवावर येतं.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. वजनाला हलकी, दिसायला धातूची, म्हणजे दोन्हीचं चांगलं एकत्र, असं वाटतं. बाळगायला ती खरंच छान. पण ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या तिपटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं, आणि तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात साठवतं मात्र पोलादाच्या जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणजे ऊब मुठीपर्यंत लवकर येते. बेरेटा ९२सारख्या मोठ्या पिस्तुलात धातू मुबलक असल्याने हे खपून जातं, छोट्या पिस्तुलात नाही. जमेची बाजू एवढीच की खाली ठेवलं की निवतंही लवकर.

रचनेचा फरक धातूपेक्षा मोठा

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे हेकलर अँड कॉखचं पी७. यात नळीतल्या वायूचा काही भाग एका बारीक छिद्रातून खालच्या सिलिंडरमध्ये घेतात. तो वायू पिस्टनवर दाब देतो आणि स्लाइड उघडायला उशीर करतो. युक्ती सुंदर आहे. नळी हलत नाही, नेम अचूक लागतो. पण तो सिलिंडर बसतो बरोबर ट्रिगरच्या वर, आणि प्रत्येक गोळीला जळता वायू त्याच्यात शिरतो. दोन-चार मॅगझिन (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या) भराभर झाडली की ट्रिगरवरच्या बोटाची वरची कड भाजायला लागते. ही तक्रार कंपनीपर्यंत पोचली असणारच, कारण पी७च्याच नंतरच्या एम८ आणि एम१३ आवृत्त्यांमध्ये ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत उष्णतारोधक तुकडा बसवला गेला. त्याने फरक पडतो, पण मूळ कारण जागच्या जागी राहतं. संग्राह्य वस्तू म्हणून पी७ जरूर घ्या. दर आठवड्याला दोनशे राउंड झाडायचे असतील तर नको. वॉल्थर सीसीपी या पिस्तुलाचं तत्त्वही हेच आहे, तेव्हा तिची पॉलिमर फ्रेम बघून हुरळून जाऊ नका.

वॉल्थर पीपीकेसारख्या पिस्तुलात नळी थेट फ्रेमलाच जडवलेली असते, म्हणजे उष्णतेला सरळ रस्ता. पिस्तूल छोटं, धातू थोडा. लांब सरावासाठी ते बनलेलंच नाही.

रिव्हॉल्व्हरचं निराळं आहे. मूठ मागे आणि नळीपासून दूर, त्यावर लाकूड किंवा रबर, म्हणून झाडताना हात निवांत असतो. त्रास होतो भरताना. रिकाम्या पुंगळ्या काढून नवी काडतुसं घालेपर्यंत डाव्या हाताची बोटं सिलिंडरभोवतीच, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाभोवतीच असतात, आणि .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस झाडत असाल तर तो चांगलाच तापलेला असतो. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस वापरा, पुष्कळ आराम पडेल. अंगठा पुढे ठेवायची पिस्तुलाची सवय इथे मात्र सोडायलाच हवी. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून निघणारा वायू जखम करतो.

आणि .२२ बोअरचं पिस्तूल? त्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर, दारू चिमूटभर. फक्त नेम घोटायचा असेल तर वरची सगळी चर्चा सोडून द्या आणि .२२ घ्या.

हातमोज्याचा उपाय बरेचजण सुचवतात. आधाराच्या हाताला पातळ मोजा चालतो, ट्रिगरच्या हाताला नको, बोटाची जाणीव मारली जाते. त्याहून सोपं म्हणजे दोन पिस्तुलं आलटून-पालटून वापरणं, किंवा मधल्या वेळात मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून ठेवणं. नळीतून हवा खेळते. पाणी ओतायचं नाही.

घेण्याआधी भाड्याने किंवा ओळखीच्या कुणाचं वापरायला मिळालं तर आपल्या नेहमीच्या वेगाने शंभर राउंड झाडा. मग पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा आणि बोटाच्या मागच्या बाजूने तीन जागा तपासा: अंगठा टेकतो तो फ्रेमचा पुढचा भाग, ट्रिगर गार्डच्या आतली वरची बाजू आणि स्लाइडच्या मागच्या खाचा. पहिल्या दोनपैकी एकीवरही बोट पाच सेकंद ठेवता येत नसेल, तर दुसरं मॉडेल बघा.