पातळ क्रेप की जाड? गणपतीच्या आरासीची फुलं करायला घेण्याआधी

२०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या घरचं मखर कागदावर आलं. सुरुवातीला नुसता घोटीव कागद आणि पताका असायच्या, मग क्रेपची, म्हणजे चुण्या असलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कागदाची फुलं करायला घेतली. आता श्रावण लागला की कोणीतरी हमखास विचारतं, ‘कागद कुठला आणू? नेहमीचा की तो महागाचा इटालियन?’ मी उलट विचारते, फूल कुठलं करणार?

स्टेशनरीच्या दुकानात घडी घातलेला मिळतो तो पातळ क्रेप. चुण्या बारीक, ओढला की जरासा ताणतो आणि जास्त जोर लावला की फाटतो. जाड क्रेप म्हणजेच तो इटालियन, ‘१८० ग्रॅम’ या नावाने मिळणारा. तो रोलमध्ये येतो, ५० सेंटीमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब. चुण्या खोल, बोटांना खरबरीत लागतात, आणि ओढाल तर दुपटीहून जास्त लांबतो. एका रोलच्या पैशात पातळ कागदाच्या कितीतरी घड्या येतात. पातळ कागद मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हवा त्या रंगात सापडतो. जाड रोल मला तरी बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावा लागलाय.

झेंडूची माळ करायची असेल तर जाड कागदाच्या वाटेला जाऊच नका. झेंडूला दाटी लागते. पातळ कागदाची ५ सेंटीमीटर रुंदीची, मीटरभर लांब पट्टी घ्या, चुण्या रुंदीच्या दिशेने उभ्या यायला हव्यात. आठ-दहा पदरी घडी घालून वरच्या अर्ध्या भागात बारीक कातरा, मग उलगडून गुंडाळी करा, बुडाला दोऱ्याने आवळून बांधा आणि वरचं फुलवा. हात बसला की पाच मिनिटांत एक फूल. हेच जाड कागदाचं करून बघितलं होतं. तीन पदरांपुढे कात्री चालेना, आणि गुंडाळीचा बुडखा एवढा जाडजूड झाला की माळेत ओवताना सुई मोडली. शेवंतीचंही तेच.

जास्वंदीला मात्र जाडच हवा. तिच्या पाच पाकळ्या सुट्या, मोठ्या आणि ऐटीत मागे वळलेल्या असतात, चुका लपायला जागा नसते. जाड कागदाची पाकळी कापली (चुण्या देठापासून टोकाकडे, हे विसरलात तर सगळंच फुकट), की दोन्ही अंगठ्यांनी मधोमध ताणायची. तिथे वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि तो तसाच राहतो. काठ चिमटीत धरून ओढला की खऱ्या जास्वंदीसारखी झालर पडते. मधल्या दांड्याला तारेवर कागदाची पट्टी गुंडाळायची, टोकाला फेव्हिकॉल लावून हळदीत घोळवलेल्या रव्यात बुडवायचं. परागकण म्हणून याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही सापडलेलं नाही. पातळ कागदाची जास्वंद पहिल्या दिवशी बरी दिसते. पण भाद्रपदातली दमट हवा लागली की वाटी सपाट होते आणि पाचव्या दिवशी फूल मान टाकतं. कोकणातल्या घरी तर तिसऱ्याच दिवशी.

महागाईचा हिशेबही करून बघा. पाकळी ७ सेंटीमीटर उंच आणि ६ रुंद धरली तर एका लाल रोलमधून ७ ओळी, प्रत्येकीत ४१, म्हणजे २८७ पाकळ्या निघतात. ५७ जास्वंदी झाल्या! घरच्या गणपतीला २१ पुरतात आणि उरलेला रोल पुढच्या वर्षी कामाला येतो. रोल पाहताना वाटतो तेवढा महाग पडत नाही. पण सहा रंगांचे सहा रोल एकदम मागवलेत तर मग मला बोलू नका.

एक गोष्ट दोन्हींना सारखी लागू. पाण्याने रंग सुटतो, जाड असो वा पातळ. एका वर्षी मी लाल फुलं खिडकीशेजारच्या पांढऱ्या पडद्यावर टाचली आणि रात्री पावसाची झड आत आली. पडद्यावरचे गुलाबी ओघळ अजून गेलेले नाहीत. मूर्तीजवळ, निरांजनाच्या आणि अभिषेकाच्या टप्प्यात कागदाचं फूल नको, हे सांगायला नकोच. आमची आजी तर म्हणायची, कागदाचं आरासीला, देवाला खरंच. उन्हाचंही असंच: उन्हात दोन्ही कागद विटतात.

मधला मार्गही आहे. पातळ कागदाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून पाकळी कापायची. चिकटवायला ग्लू स्टिक घ्या, पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल लावलात तर कागद भिजून रंग हातावर येतो. आत पिवळट आणि बाहेर गुलाबी अशी जोडी लावली की गौरीपुढच्या कमळाला छान उठाव येतो. जर्मन डबलेट नावाचा कागद असाच दोन थरांचा, दोन बाजूंना दोन छटांचा असतो. सुंदर आहे, पण पहिल्याच वर्षी घेण्यासारखा नाही. घरी जोडलेला कागद जाड क्रेपइतका ताणत नाही, त्यामुळे त्याची जास्वंद जमत नाही. कमळाच्या, सोनचाफ्याच्या पाकळ्यांना मात्र तो पुरेसा आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर पिवळ्या आणि केशरी पातळ कागदाच्या दोन-दोन घड्या आणि लाल जाड क्रेपचा एकच रोल आणा. सोबत देठाला जाडसर तार आणि तिच्यावर गुंडाळायला हिरवी फ्लोरल टेप. ही टेप नुसती गुंडाळली तर चिकटत नाही, ताणत गुंडाळली की आतलं मेण वर येऊन धरते. दुकानदार हे सांगत नाहीत आणि लोक टेप खराब निघाली म्हणून परत द्यायला जातात. मीही गेले होते.

मुलं मदतीला बसणार असतील तर त्यांना झेंडू द्या, लाल रोल वरच्या फळीवर ठेवा. विसर्जनानंतर जास्वंदी चपलांच्या खोक्यात, एकमेकींना न दाबता ठेवल्या तर पुढच्या वर्षी फक्त काठ पुन्हा ओढावे लागतात. झेंडू मी ठेवत नाही. पुढच्या श्रावणात नवे करते.