रेंगाळणारे एसएसएच लॉगिन: क्लायंटचा लॉग वाचावा की सर्व्हरचा?

एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीने, सर्व्हरवर शिरताना दहा-पंधरा सेकंद काहीच घडत नसेल, आणि एकदा आत गेल्यावर मात्र सगळे सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा नेटवर्कच्या वेगात नसतो. लॉगिनच्या एखाद्या टप्प्यावर कोणीतरी कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असते. तो टप्पा शोधण्याचे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत: आपल्या, म्हणजे क्लायंटच्या, बाजूने एसएसएचच्या आज्ञेला तीन ‘व्ही’ लावून (त्याने प्रत्येक टप्प्याचा तपशीलवार लॉग दिसतो) जोडणी करून पाहणे, किंवा सर्व्हरच्या बाजूला जाऊन त्याने काय नोंदवले आहे ते वाचणे. मी बराच काळ पहिल्या मार्गाने गेलो आणि आता बहुतेक वेळा दुसऱ्याने जातो. हा बदल एका विशिष्ट त्रासामुळे झाला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

क्लायंटच्या बाजूचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. सर्व्हरवर रूटचा, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचा, अधिकार नसेल तर दुसरा पर्यायच उरत नाही. शिवाय काही दुखणी अशी आहेत की ती क्लायंटकडूनच चटकन ओळखू येतात. ‘एक्स्पेक्टिंग एसएसएच२ एमएसजी केईएक्स ईसीडीएच रिप्लाय’ या ओळीवर सगळे थिजले, तर वाटेत कुठेतरी एमटीयू (एका पाकिटाची कमाल आकारमर्यादा) जुळत नसल्याचा संशय घ्यावा. मोठी पाकिटे वाटेतच गळत असतात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा फारसा मागमूस नसतो. ‘जीएसएसएपीआय-विथ-माइक’ या पद्धतीपाशी थांबले, तर केर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी, या पद्धतीमागची ओळख-तपासणी) वापरात नसतानाही क्लायंट तो प्रयत्न करून पाहत आहे, हे उघड होते आणि ‘जीएसएसएपीआयऑथेंटिकेशन’ला ‘नो’ म्हटले की प्रश्न मिटतो. नाव आयपीव्ही६च्या पत्त्याकडे नेत असेल आणि तो मार्ग बंद असेल, तर तेही ‘कनेक्टिंग टू’ या पहिल्याच ओळीत दिसते. या तीन बाबतींत मी आजही क्लायंटकडूनच सुरुवात करतो.

अडचण त्यापुढच्या टप्प्यात येते. एका सर्व्हरवर सकाळचे पहिले लॉगिन सुमारे बारा सेकंद अडून राही. क्लायंटचा लॉग ‘सर्व्हिस अ‍ॅक्सेप्ट रिसीव्ह्ड’ या ओळीवर येऊन थांबे. ही ओळ दिसली की अनुभवी माणसे लगेच रिव्हर्स लुकअपचे (आयपी पत्त्यावरून डीएनएसकडे नाव विचारण्याचे) नाव घेतात आणि सर्व्हरवर ‘यूजडीएनएस नो’ लिहायला सांगतात. मीही ते लिहिले, सर्व्हिस रीलोड केली, पुन्हा जोडणी केली, आणि लॉगिन क्षणात झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तेच बारा सेकंद परत आले. मग मी रिझॉल्व्हरचा (डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या भागाचा) टाइमआउट कमी केला, कारण तो मुळात ५ सेकंदांचा असतो आणि प्रयत्न दोन होतात, त्यामुळे हिशोब जवळपास जुळत होता. पुन्हा तपासले तेव्हा लॉगिन जलद, आणि पुढच्या सकाळी पुन्हा संथ.

खरे म्हणजे ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘यूजडीएनएस’ मुळातच बंद असते. माझ्या त्या ओळीने काहीही बदलले नव्हते. लॉगिन जलद झाले होते ते केवळ दुसऱ्यांदा केले म्हणून. त्या सर्व्हरवरील वापरकर्त्यांची माहिती एसएसएसडी या सेवेमार्फत डिरेक्टरीतून, म्हणजे वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, येत होती. एसएसएसडी ती माहिती कॅशमध्ये ठेवतो आणि मूळ मुदत ५४०० सेकंदांची, म्हणजे दीड तासाची असते. रात्रभरात ती उलटून जाई, सकाळचा पहिला माणूस डिरेक्टरीच्या उत्तरासाठी ताटकळे, आणि त्याच्यामागून तपासणारा मी प्रत्येक वेळी ताज्या कॅशवर तपासत होतो. रिव्हर्स लुकअप असो वा वापरकर्त्याचा शोध, दोन्ही कामे सर्व्हर वापरकर्त्याचे नाव हाती आल्यानंतरच करतो. त्यामुळे क्लायंटला दोन्ही वेळी एकाच ओळीपुढची शांतता ऐकू येते.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली. क्लायंटच्या या लॉगमध्ये वेळ छापलेली नसते. ज्याला त्रास होत होता, त्या सहकाऱ्याने मला सकाळच्या जोडणीचा संपूर्ण लॉग पाठवला होता. अगदी नीट, शंभराहून जास्त ओळी. त्यात कोणत्या दोन ओळींमध्ये बारा सेकंद गेले हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता, कारण ओळी एकाखाली एक सारख्याच अंतराने उभ्या होत्या. तो थांबा फक्त त्याच्या डोळ्यांनी पाहिला होता. मोअरयूटिल्समधील ‘टीएस’ या छोट्या साधनातून आउटपुट नेले तर प्रत्येक ओळीपुढे वेळ लागते, हे मला ठाऊक आहे आणि मी ते सुचवतोही. पण ते आधीपासून लावलेले असावे लागते, आणि अधूनमधून उमटणाऱ्या दोषाच्या नेमक्या क्षणी ते सहसा लावलेले नसते.

सर्व्हरचा लॉग तेथे असतोच. मी एसएसएचडीच्या (सर्व्हरवर जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये ‘लॉगलेव्हल’ एक पायरी वाढवून ‘व्हर्बोज’ केले आणि सकाळ उलटल्यावर सर्व्हरच्या नोंदी (जर्नल) दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला ‘शॉर्ट-प्रिसाइज’ प्रकारात नोंदी दाखवायला सांगितल्या. ‘कनेक्शन फ्रॉम’ ही ओळ आणि ‘अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी’ ही ओळ यांच्यामध्ये बारा सेकंदांची फट होती, मायक्रोसेकंदापर्यंत लिहिलेली, आणि त्यासाठी मला पहाटे कोणाच्या शेजारी बसावे लागले नव्हते. फट कोठे आहे यावरून तपासाची दिशाही ठरते. ‘अ‍ॅक्सेप्टेड’च्या आधी असेल तर डिरेक्टरी, नावांचा शोध किंवा पासवर्ड तपासणारे पीएएम (लिनक्सची ओळख-तपासणीची यंत्रणा) मॉड्यूल पाहावे. ‘अ‍ॅक्सेप्टेड’नंतर २५ सेकंदांनी ‘फेल्ड टू क्रिएट सेशन’ अशी तक्रार दिसली, तर डी-बस (प्रोग्रामांमधील निरोपांची वाहिनी) पुन्हा सुरू झाल्यावर सेशनांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमडी-लॉगिनडीशी संपर्क तुटला आहे असे समजावे आणि लॉगिनडी रीस्टार्ट करावा. सेशन बिनतक्रार उघडूनही प्रॉम्प्ट येत नसेल, तर स्वागताचा मजकूर जुळवणाऱ्या स्क्रिप्ट किंवा वापरकर्त्याची स्वतःची बॅशआरसी (शेल उघडताना चालणारी फाइल) पाहावी.

सर्व्हरच्या बाजूला आणखी दोन साधने आहेत. एसएसएचडी तीन ‘डी’ लावून वेगळ्या पोर्टवर हाताने चालवता येतो आणि तो भरपूर बोलतो, परंतु एक जोडणी हाताळून तो संपतो आणि सर्व्हिस म्हणून चालताना जे वातावरण असते ते त्याला मिळत नाही. दोष प्रत्येक वेळी हमखास उमटत असेल तर तो उत्तम आहे. माझा तसा नव्हता. दुसरे साधन एसट्रेस, म्हणजे प्रक्रिया कर्नलला काय काय विचारते ते दाखवणारे; ते शेवटचे प्रमाण म्हणून मला फार मोलाचे वाटते. ‘एसएसएस_कॅश’ला ‘ई’ लावून सगळ्या नोंदी मुदतबाह्य केल्या, मूळ प्रक्रियेला एसट्रेस जोडून तिच्या अपत्य-प्रक्रियांचाही माग ठेवला, आणि लॉगिन करताच पडदा ‘पोल’ या, उत्तराची वाट पाहणाऱ्या, एका कॉलवर थांबला. त्याच्या वरच्या ओळींत एसएसएसडीच्या पाइपचा मार्ग दिसत होता. मात्र कोणत्या क्षणी आणि कशासाठी पाहायचे, हे जर्नलने आधी सांगितले नसते तर त्या हजारो ओळींत मी काय शोधले असते, हे सांगणे कठीण आहे.

पुढचे काम लहान होते. वापरकर्ता ज्या गटात होता त्याची सदस्यसंख्या मोठी होती आणि एसएसएसडी प्रत्येक वेळी ती सारी यादी ओढत होता. ‘इग्नोर ग्रुप मेंबर्स’ हा पर्याय चालू केल्यावर सकाळची ती फट एका सेकंदाच्या आत आली.

तुमच्याकडे रूटचा अधिकार नसेल, किंवा थांबा अगदी आरंभी, चाव्यांची देवाणघेवाण होत असतानाच येत असेल, तर क्लायंटचा मार्ग निवडण्यात काही चूक नाही. फक्त ‘टीएस’ लावायला विसरू नये. एरवी मी सर्व्हरकडे झुकतो. सर्व्हरवर ‘डीबग’ पातळी कायम ठेवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण तिच्यामुळे वापरकर्त्यांच्या खासगीपणाचा भंग होतो आणि एसएसएचडीच्या मॅन्युअलमध्येही ती वापरू नये असेच म्हटले आहे. ‘व्हर्बोज’ला ती हरकत लागू नाही. कॉन्फिगमध्ये बदल केल्यावर एसएसएचडीच्या ‘टी’ पर्यायाने फाइल तपासावी, एक जुने सेशन उघडे ठेवावे आणि मगच रीलोड करावे. त्या सर्व्हरवरची ‘लॉगलेव्हल व्हर्बोज’ ही ओळ मी नंतर काढली नाही, आणि नवा सर्व्हर उभारताना ती आता पहिल्याच दिवशी लिहितो.