विनाटाइपच्या पायथनमध्ये वाट शोधायला पायचार्म : सात महिन्यांचा अनुभव

लातूरच्या एका अडत दुकानाच्या हिशेबाचं पायथनमधलं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. पट्टी, हमाली, तोलाई, अडत, सगळं त्यात. मूळ लिहिणारा नोकरीला पुण्याला गेलेला, आणि टाइप हिंट, म्हणजे कशात कोणत्या प्रकारची माहिती येणार हे सांगणारी खूण, औषधालासुद्धा नाही. 'अमाउंट' याच नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) पाच क्लासमध्ये!

तेव्हा मी एक हलका एडिटर वापरायचो. तो नुसता शब्द शोधायचा. मी घाईत शोधा-बदला करून पट्टीतल्या मेथडचं नाव बदललं आणि हमालीचा हिशेब कोलमडला. ऐन सोयाबीनच्या आवकेत, दिवाळीच्या तोंडावर. शेतकरी पट्टीसाठी थांबलेले होते. त्या रात्री पायचार्म हा खास पायथनसाठीचा कोड एडिटर टाकला.

जावा या भाषेत कोणत्या व्हेरिएबलमध्ये कोणत्या टाइपची, म्हणजे प्रकारची, माहिती असणार हे कोड चालवण्याआधीच ठरलेलं असतं. पायथनमध्ये ते चालतानाच कळतं, त्यामुळे एडिटरला माग काढावा लागतो. पायचार्म तो काढतोच, पण मला पटलं ते वेगळंच. ऑल्ट-एफ७ दाबून वापर शोधले की खात्रीच्या जागा आणि अंदाजाच्या जागा तो वेगळ्या दाखवतो. खात्रीच्या मी डोळे झाकून बदलतो, अंदाजाच्या एकेक उघडून बघतो. दुसऱ्याचा कोड सांभाळणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे.

दुसरी सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. पायथन डीबगरच्या (कोड चालवत चुका शोधायच्या साधनाच्या) सेटिंगमध्ये, प्रोग्राम चालताना दिसलेले टाइप गोळा करण्याचा पर्याय आहे. तो चालू करून मी दुकानाच्या एका दिवसाच्या खऱ्या नोंदी डीबगरमधून फिरवल्या. मग ज्या फंक्शनमध्ये काय येतं याचा काहीच पत्ता नव्हता, तिथेही सुचवण्या यायला लागल्या. डीबगर त्यामुळे मंदावतो, म्हणून काम झालं की पर्याय बंद करायचा.

रॅम ८ जीबीला भागतं, १६ असली तर बरं. २०२५ पासून फुकट आणि पैशाची आवृत्ती एकाच इन्स्टॉलरमध्ये आली आहे. माझं सगळं काम फुकटच्या भागात होतं. जँगो या वेब फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांना मात्र प्रो, म्हणजे पैशाची आवृत्ती, लागेल.

नवीन कोड लिहिणार असाल आणि पहिल्यापासून हिंट देणार असाल, तर व्हीएस कोड हा एडिटर आणि त्याची पायलान्स ही पायथनसाठीची जोडणी घ्या, हलकं आणि चपळ आहे. हिंट पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहेत. न देण्याला आता कारण उरलेलं नाही. मीसुद्धा ज्या फंक्शनला हात लावतो त्याला हिंट देऊनच पुढे जातो. दिलेली प्रत्येक हिंट अंदाजाची एखादी जागा खात्रीत आणते, हे रोज डोळ्यांनी दिसतं.

दरपत्रकाची एक फाइल तेवढी राहिली आहे. तिच्यात मालाच्या नावावरून मेथडचं नाव जोडून 'गेटॲटर'ने, म्हणजे नावावरून मेथड मिळवून देणाऱ्या फंक्शनने, बोलावलंय. तिथे कुठलाही एडिटर पोचत नाही, कारण ते नाव कोडमध्ये कुठे लिहिलेलंच नाही. पेरण्यांच्या दिवसांत मोंढा जरा थंड असतो, तेव्हा ती हातात घेणार आहे.